दोन दारांचा थाट आणि बारा आण्यांचा मसाला

गेल्या अंकातल्या सदरात मी जाता जाता लिहिले होते की, १९९० च्या दशकात अमेरिकेत डॉक्टर-वकिलांच्या दारात उभ्या असणाऱ्या आलिशान कूपे गाड्या आज शर्यतीच्या एखाद्या चांगल्या सायकलीच्या किमतीत मिळतात. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली, की या वेळचे संपूर्ण सदर त्यांनाच देत आहे. पत्रलेखकांची नावे गाळून केवळ गावांचा उल्लेख ठेवला आहे. काही वाचकांनी 'कूपे' या शब्दाबद्दलही विचारले आहे. आपल्याला हा शब्द आगगाडीच्या पहिल्या वर्गातल्या दोन बर्थच्या खोलीमुळे ठाऊक असतो. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ 'कापलेला' असा असून, मोठी घोडागाडी कापून दोघांपुरती केली की ती कूपे होत असे. मोटारीतली कूपे म्हणजे दोन दारांची, मागे उतरत्या टपाची गाडी, एवढे समजून पुढे जाऊ.

प्रश्न : आमच्या शेजारच्या गावात १९९७ सालची लिंकन मार्क एट विकायला आहे. एकच मालक, ८८,००० मैल, आणि मागणी ५,५०० डॉलर. नवी असताना ती चाळीस हजारांच्या घरात होती असे कळते. इतक्या स्वस्तात मिळणाऱ्या वस्तूत काहीतरी खोट असणारच, असे पत्नीचे म्हणणे आहे. ते खरे आहे का? (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : तुमच्या पत्नीची शंका रास्त आहे. चाळीस हजारांची वस्तू साडेपाच हजारांवर आली की कारण विचारायलाच हवे, आणि या गाडीच्या बाबतीत बरेचसे कारण गाडीच्या बाहेर सापडते.

लांबलचक बॉनेट, मागे बसणाऱ्यांची फारशी पर्वा न करणारी रचना आणि पुढच्या दोघांसाठी दिवाणखान्यासारखी बैठक, अशी गाडी दारात असणे हे अमेरिकेत एके काळी माणसाचे बरे चालले असल्याचे लक्षण मानले जाई. फोर्डने १९५८ च्या थंडरबर्डला चार आसने दिली तेव्हापासून हा प्रकार रुळला. १९६३ ची ब्युइक रिव्हिएरा, १९६७ ची पुढच्या चाकांना ताकद देणारी कॅडिलॅक एल्डोराडो आणि १९६८ च्या वसंतात आलेली लिंकन कॉन्टिनेन्टल मार्क थ्री यांनी त्याला प्रतिष्ठा दिली. १९७६ साली तर ओल्ड्समोबिलची कटलस, जिच्या खपात दोन दारांच्या 'सुप्रीम'चा वाटा मोठा होता, देशातील सर्वाधिक खपाची गाडी ठरली. पुढे त्याच गिऱ्हाइकांच्या घरांत उंच, चार दारांच्या आणि सामानसुमान पोटात घेणाऱ्या गाड्या शिरल्या. लिंकनने १९९७ मध्ये नॅव्हिगेटर ही तशीच उंच गाडी बाजारात आणली आणि पुढच्याच वर्षी मार्क एट बंद केली. रिव्हिएरा १९९९ च्या मॉडेलबरोबर थांबली आणि एल्डोराडो हे १९५३ पासून चालत आलेले नाव २००२ मध्ये संपले.

त्यातच जुन्या गाड्यांचा बाजार बराचसा आठवणींवर चालतो. पन्नाशीला हातात पैसा आला की माणूस सोळाव्या वर्षी भिंतीवर चिकटवलेल्या चित्रातली गाडी विकत घ्यायला निघतो. १९९५ साली सोळा वर्षांच्या अमेरिकी मुलाच्या भिंतीवर मस्टँग असे किंवा व्हायपर असे. लिंकन कूपे असे ती त्याच्या काकांकडे, आणि काकांच्या गाडीसाठी कुणी रात्रंदिवस झुरत नाही. ज्यांनी या गाड्या हौसेने घेतल्या होत्या, ती पिढी आता मोठी घरे विकून लहान घरांत राहायला चालली आहे. विकणारे पुष्कळ आणि घेणारे थोडे, अशी ही अवस्था आहे.

पत्नीच्या शंकेचा उरलेला भाग मात्र गाडीच्या आतच आहे. 'चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला' ही म्हण बहुधा अशाच एखाद्या खरेदीनंतर सुचली असावी. गाडीची किंमत कमी झाली म्हणून तिच्या सुट्या भागांच्या किमती कमी होत नाहीत. चाळीस हजारांच्या गाडीचा भाग चाळीस हजारांच्या गाडीचाच राहतो. म्हणून अशी गाडी पाहताना मी तिचे दोन हिशेब वेगळे मांडतो. पहिला हिशेब यंत्राचा. मार्क एटचे ४.६ लिटरचे, संपूर्ण ॲल्युमिनियमचे, बत्तीस व्हॉल्व्हचे व्ही-८ इंजिन २८० अश्वशक्ती देते आणि 'एलएससी' प्रकारात १९९५ पासून २९०. हे इंजिन ज्या घराण्यातले आहे त्याच घराण्यातली साधी भावंडे पोलिसांच्या आणि टॅक्सीच्या फोर्ड क्राउन व्हिक्टोरियांमध्ये लाखो मैल राबली आहेत. गिअरबॉक्सही त्याच कुळातला असल्यामुळे कोणत्याही गावातला मेकॅनिक त्याला बिचकत नाही. दुसरा हिशेब शोभेचा, म्हणजे दिवे, बटणे, दाराच्या आतली अस्तरे, डॅशबोर्डचे प्लास्टिक. या वस्तू फक्त याच गाडीसाठी, थोड्या काळासाठी आणि थोड्या संख्येने बनल्या होत्या, आणि आता त्या भंगारवाड्यात दुसरी गाडी आली तरच मिळतात. नवखा गिऱ्हाईक इंजिनाचा आवाज ऐकून घाबरतो आणि तुटलेल्या दिव्याकडे दुर्लक्ष करतो. माझ्या अनुभवात खर्च नेमका उलट्या बाजूने येतो. तुम्ही पाहिलेल्या १९९७ च्या गाडीला डिकीच्या जवळजवळ संपूर्ण रुंदीभर निऑनच्या नळीचा ब्रेक दिवा आहे. तो पूर्ण पेटतो का, हे सर्वांत आधी पाहा.

आता तिच्या सर्वांत बदनाम भागाविषयी. या गाडीला चारही चाकांवर स्प्रिंगांऐवजी हवेने भरलेले रबरी फुगे आहेत. एक छोटा कंप्रेसर त्यांत हवा भरतो, उंची मोजणारे सेन्सर त्याला सूचना देतात आणि हायवेचा वेग पकडला की गाडी स्वतःहून थोडी खाली बसते. मिशिगनमधल्या ज्या विक्सम कारखान्यात या गाड्या बनत, त्याच्या शेजारच्या नोव्हाय गावात मी राहतो (कारखाना २००७ मध्ये बंद पडला आणि पुढे पाडला गेला), आणि १९९५ ची एक मार्क एट नऊ वर्षे माझ्या दारात होती. एका नोव्हेंबरच्या सकाळी ती डाव्या बाजूने गुडघा टेकलेल्या बैलासारखी बसलेली दिसली. ज्या गॅरेजला विचारले, त्याने चारही फुगे, कंप्रेसर आणि कंट्रोल युनिट बदलण्याचा असा अंदाज हातात ठेवला, की त्यात दुसरी मार्क एट आली असती. घरी येऊन मी भांड्यांच्या साबणाचे पाणी शिंपडायच्या बाटलीत भरले, गाडी चालू करून ती उभी राहू दिली, पुढचे चाक पूर्ण वळवले आणि टॉर्चच्या उजेडात रबराच्या घडीवर फवारा मारला. घडीच्या आतल्या कडेला मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक उमलू लागले. वीस वर्षांत रबर वाळून भेगाळले होते, एवढाच तो आजार होता. पुढचे दोन्ही बदलले आणि पुढची पाच वर्षे त्याकडे पाहावे लागले नाही. अशी गळती महिनोन्महिने तशीच चालू ठेवली तर कंप्रेसरला सतत धावावे लागते आणि शेवटी तो जळतो. गाडी महाग पडते ती त्या आळसामुळे. एक सूचना विसरू नका : चाक बदलण्यासाठी जॅक लावण्यापूर्वी डिकीतला सस्पेंशनचा स्विच बंद करायचा असतो.

तेव्हा मालकाला विनंती करून गाडी संध्याकाळी पाहा, रात्रभर तिला हात लावू देऊ नका आणि सकाळी पुन्हा जाऊन चारही चाकांवरची उंची वितीने मोजा. मोजमाप कालच्याइतकेच भरले, निऑन पेटला आणि गिअरबॉक्स चाळीस-पन्नास मैलांच्या वेगाला खडबडीत रस्त्यावरून गेल्यासारखा थरथरला नाही, तर ५,५०० ही किंमत वाजवी आहे. पहिल्या वर्षासाठी आणखी अडीच-तीन हजार बाजूला ठेवा आणि पत्नीला गाडीची किंमत सांगताना ते धरूनच सांगा.

प्रश्न : रोज तीस मैलांचा प्रवास आहे आणि मला स्वतःला पान्हा धरता येत नाही. रिव्हिएरा, एल्डोराडो आणि मार्क एट या तिघींतून कोणती घ्यावी? (कोलंबस, ओहायो)

उत्तर : पान्हा धरता येत नसेल तर १९९६ ते १९९९ मधली सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंप) असलेली रिव्हिएरा घ्या, माझे मत इथे अगदी स्पष्ट आहे. तिचे ३.८ लिटरचे व्ही-६ इंजिन ब्युइकच्या १९६२ सालच्या व्ही-६ चे वंशज आहे. बिडाचा ब्लॉक, त्यावर झाकणासारखे बसणारे हेडही बिडाचेच, पुशरॉडची जुनी पद्धत, म्हणजे कागदावर पाहिले तर अगदीच गावठी. पण ती रचना तीन दशके घासूनपुसून इतकी निर्दोष झाली होती, की लेसेबर, पार्क ॲव्हेन्यू, बॉनव्हिल अशा निवृत्त मंडळींच्या गाड्यांमधून ती अजूनही या देशात मुकाट्याने फिरते आहे. सुपरचार्जरसह ती २४० अश्वशक्ती देते, जी रोजच्या तीस मैलांना पुरून उरेल.

सुपरचार्जर नसलेल्या त्याच काळातल्या इंजिनाला मात्र एक ठरलेला रोग आहे. त्याच्या इनटेक मॅनिफोल्डचा, म्हणजे सिलिंडरांना हवा पोहोचवणाऱ्या भागाचा, वरचा तुकडा प्लास्टिकचा असून, धुराड्यातला काही गरम वायू त्यातून परत फिरवला जातो. वर्षानुवर्षे त्या उष्णतेने प्लास्टिक झिजते आणि कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे पाणी, सिलिंडरमध्ये शिरते. सुपरचार्जरवाल्या इंजिनाची मांडणी वेगळी असल्यामुळे ते यातून सुटते. कूलंटच्या मार्गातले प्लास्टिकचे कोपरे मात्र दोघांनाही आहेत; ते काही डॉलरांत मिळतात, तेव्हा फुटण्याची वाट न पाहता बदलून घ्या. सुपरचार्जरला इंजिनापासून वेगळे, स्वतःचे थोडे तेल असते, ही गोष्ट निम्म्याहून अधिक मालकांच्या गावीही नसते, असे मला जुन्या बिलांवरून दिसले आहे. सिग्नलला उभे असताना पुढून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला तर त्याच्या आतला छोटा जोड झिजला आहे, असे समजावे. हे काम किरकोळ आहे आणि विक्रेत्याशी घासाघीस करायला मात्र उत्तम.

एल्डोराडो ही तिघींत सर्वांत भारदस्त, आणि तिच्याविषयी मला लिहितानाही थोडे वाईट वाटते. १९९३ पासून तिला नॉर्थस्टार नावाचे ४.६ लिटरचे व्ही-८ इंजिन मिळाले, ज्याचा 'टूरिंग कूपे' या प्रकारातला अवतार पुढे ३०० अश्वशक्तीपर्यंत गेला. कूलंट संपले तरी आळीपाळीने निम्म्या सिलिंडरांत इंधन न सोडता त्यांना नुसत्या हवेने थंड ठेवून घरापर्यंत पोहोचण्याची सोय त्यात होती. एवढी बुद्धी खर्च केलेल्या इंजिनात हेडचे पोलादी बोल्ट ॲल्युमिनियमच्या ज्या आट्यांत बसतात ते आटेच कालांतराने सुटून येतात. हेड सैल होते, गॅस्केट जाते, इंजिन तापते. खरा उपाय एकच : ब्लॉकमधली भोके मोठी करून त्यांत पोलादी आटे बसवणे; त्यासाठी बहुतेक वेळा इंजिन खालून उतरवावे लागते आणि बिल गाडीच्या किमतीला ओलांडून जाते. हे काम आधीच झाले असून त्याचे बिल मालकाकडे असेल, तर मात्र तीच एल्डोराडो मी डोळे झाकून घेईन. बिल नसेल तर मेकॅनिककडून कूलंटची परीक्षा करून घ्या. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी धरतात आणि इंजिन चालू ठेवतात. ज्वलनाचे वायू कूलंटमध्ये शिरत असतील तर तो निळा द्रव पिवळा पडतो. ही परीक्षा थंड इंजिनावर करून उपयोग नाही. आधी वीस मैल हायवेवर पळवून मग करावी. १९९२ च्या एल्डोराडोत जुने ४.९ लिटरचे इंजिन आहे, जे सौम्य असले तरी या दुखण्यापासून मुक्त आहे.

मार्क एट ज्याला गाडी चालवण्याची हौस आहे त्याच्यासाठी. तिघींत तीच एक मागच्या चाकांवर चालते, आणि ओहायोच्या बर्फात तिला हिवाळी टायर लागतील. तिघींपैकी कोणतीही घेतली तरी तुमच्याकडे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेले, पत्रा गंजवणारे मीठ हाच मोठा शत्रू आहे, त्यामुळे दक्षिणेकडून आलेली गाडी शोधा आणि गाडी लिफ्टवर चढवून ब्रेकच्या नळ्या पाहा. आमच्या मिशिगनमध्ये तर वार्षिक तपासणीच नाही. इथून आलेल्या गाडीचा वरचा रंग पाहून भुलू नये, असे मी मिशिगनकर असूनही सांगतो.

प्रश्न : सनीव्हेलला १९९६ ची मार्क एट मिळते आहे. कॅलिफोर्नियात जुन्या गाड्यांना धुराच्या तपासणीतून सूट असते, तेव्हा मालक म्हणतो त्याप्रमाणे 'चेक इंजिन'चा दिवा पेटलेला असला तरी चालेल का? (सनीव्हेल, कॅलिफोर्निया)

उत्तर : चालणार नाही. ती सूट १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना आहे. १९७६ पासूनच्या, अगदी नव्या नसलेल्या गाड्यांना, तुमच्या १९९६ सह, दर दोन वर्षांनी तपासणी द्यावीच लागते. शिवाय विक्रीच्या वेळी ९० दिवसांच्या आतले उत्तीर्णतेचे प्रमाणपत्र देणे ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे. मालक ते द्यायला कां-कूं करत असेल, तर त्याचे उत्तर तुम्हाला मिळालेले आहे.

दिवा विझवलेला असला तरी एक जुनी युक्ती ध्यानात ठेवा. बॅटरीची तार काढून लावली की संगणकातले दोषांचे संकेत पुसले जातात आणि दिवा काही दिवस शांत राहतो. १९९६ पासून अमेरिकेतल्या सर्व मोटारींना एकसारखे तपासणीचे सॉकेट आहे, आणि वीस-पंचवीस डॉलरांचे यंत्र त्याला जोडले की संकेतांबरोबरच गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्या आहेत की नाही, हेही कळते. त्या अपूर्ण दिसल्या तर कुणीतरी नुकतीच पाटी पुसली आहे. याच सॉकेटसाठी मी १९९५ पेक्षा १९९६ ची गाडी घ्या असे सांगतो; माझ्या १९९५ च्या गाडीने मला या बाबतीत पुष्कळ रडवले आहे.

प्रश्न : माझ्या मुलाकडे अमेरिकेत १९९८ ची एल्डोराडो आहे. ती पुण्याला आणता येईल का? लहानपणी गिरगावात पाहिलेल्या अमेरिकी गाड्यांची मला अजून आठवण येते. (पुणे)

उत्तर : नाही. भारतात आयात होणारी वापरलेली मोटार तीन वर्षांहून जुनी असू नये आणि तिचे स्टिअरिंग उजवीकडे असावे, असा नियम आहे. ही एल्डोराडो दोन्ही अटींत नापास होते.

तुमच्या आठवणीतल्या गाड्यांपैकी बऱ्याच मुंबईतच जोडलेल्या असतील. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला मोटारींची जुळणी सुरू केली आणि १९५४ मध्ये ती बंद केली. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याला डॉज आणि प्लिमथ जोडल्या, ज्यांतल्या अनेक पुढे टॅक्सी झाल्या. त्या गाड्या उजव्या स्टिअरिंगच्या होत्या आणि त्यांचे भाग मुंबईत मिळत. पुण्यात नॉर्थस्टारचे गॅस्केट कोण बदलणार, हा विचार केला तर सरकारने तुमच्यावर उपकारच केले आहेत.

प्रश्न : मी शिकागोत डिझाइनचे शिक्षण घेत आहे. टायर नसताना डिकीवर टायरचा उंचवटा, टपाच्या बाजूला 'ऑपेरा' नावाची इवलीशी खिडकी, लाकडाचा भास देणारे प्लास्टिक. या गाड्यांना तुम्ही अभिरुचीच्या वस्तू कशा मानता? (शिकागो)

उत्तर : त्या प्रत्येक सजावटीमागे एकेकाळी खरी वस्तू होती, हे आधी नोंदवतो. १९३९ साली फोर्ड कंपनीचे अध्यक्ष एडसेल फोर्ड यांच्यासाठी जी पहिली कॉन्टिनेन्टल बनवली गेली, तिच्या मागे स्टेपनी खरोखरच बाहेर उभी बसवलेली होती. १९५६ च्या मार्क टूच्या डिकीवरच्या उंचवट्याखालीही स्टेपनी होती. नंतर स्टेपनी आत गेली आणि उंचवटा ओळखीचा शिक्का म्हणून राहिला. मार्क थ्रीच्या वेळी फोर्डमधले वरिष्ठ अधिकारी ली आयकोका यांनी डिझायनरांना थंडरबर्डवर रोल्स-रॉइससारखी जाळी बसवायला सांगितले, हे सर्वश्रुत आहे. तिथून पुढे सत्तरच्या दशकात हात सुटला : १९७६ पासून कार्टिए, जिव्हान्शी, पुच्ची आणि बिल ब्लास या दागिने-फॅशनच्या क्षेत्रातल्या नावांच्या रंगसंगती निघाल्या आणि १९७७ ची मार्क फाइव्ह लांबीला ५.८ मीटर भरली. साडेसात लिटरचे इंजिन घेऊनही ती जेमतेम दोनशेच्या आसपास अश्वशक्ती देई. वीस वर्षांनंतरच्या मार्क एटने ४.६ लिटरांतून तिच्याहून कितीतरी अधिक ताकद काढली. मार्क फाइव्हचा तो ऐसपैसपणा मला आवडतो, पण लांबून. तिच्या व्हायनिलच्या टपाखाली पाणी साचून पत्रा कुजतो आणि व्हॅक्यूमवर चालणाऱ्या हेडलाइटच्या पापण्या गळती लागली की उघड्याच राहतात. तशी गाडी घेऊ पाहणाऱ्याने व्हायनिलवरून तळहात फिरवावा; खाली पुरळ उठल्यासारखे लागले तर परत फिरावे.

खोट्या अलंकारांना नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला कितपत आहे, हाही एक प्रश्नच आहे. पुण्यात फायबरचे दगडी बुरूज लावलेल्या सोसायट्यांच्या प्रवेशदारांतून आपण रोज ये-जा करतो आणि आत लिफ्टने वर जातो.

पण तुमच्या आक्षेपाचे खरे उत्तर नव्वदच्या दशकातल्या गाड्यांत आहे. व्हायनिल गेले, ऑपेरा खिडकी गेली, क्रोम कमी झाले. मार्क एटवर तो टायरचा उंचवटा तेवढा राहिला, तोही लोण्यात बोट फिरवावे इतका मऊ. १९९५ ची रिव्हिएरा तर पुढे-मागे निमुळती होत जाते आणि तिच्या अंगावर एकही सरळ रेघ सापडत नाही. ती सुंदर आहे की विचित्र, यावर माझे मत तीस वर्षांत चार वेळा बदलले आहे. मार्क एटमध्ये रात्री बसून पाहा. डॅशबोर्ड ड्रायव्हरच्या दारातून निघतो आणि एकच लाट वळावी तसा स्टिअरिंगमागून मधल्या कन्सोलपर्यंत उतरतो. पासष्ट मैलांच्या वेगाला इंजिन मिनिटाला दोन हजारांहूनही कमी फेरे घेत असते. पुढच्या रस्त्याचा सांधा हाताला न कळता पायाखाली 'धप्' असा केवळ ऐकू येतो. जर्मन कूपे तुम्हाला रस्त्याचा प्रत्येक खडा कळवते आणि तिला त्याचा अभिमान असतो. या गाड्या बनवणाऱ्यांनी रस्ता लपवणे हीच कारागिरी मानली. कोणती बाजू घ्यायची ते तुम्ही ठरवा, पण रस्ता लपवण्यालाही तितकेच इंजिनिअरिंग लागते आणि ते आज पाच-सहा हजार डॉलरांत दुसरीकडे मिळत नाही.

प्रश्न : या गाड्यांच्या किमती पुढे वाढतील का? गुंतवणूक म्हणून दोन-तीन घेऊन ठेवाव्यात असे मनात आहे. (ह्यूस्टन, टेक्सस)

उत्तर : ठेवू नयेत. अगदी कमी मैल झालेल्या, कागदपत्रांसह जपलेल्या मोजक्या गाड्या थोड्या वर गेल्या आहेत, परंतु जागेचे भाडे, विमा आणि उभ्या गाडीत सडणारे पेट्रोल यांचा हिशेब धरला तर बँकेतली ठेव बरी. उभ्या गाडीची सील वाळतात, टायर चपटे होतात, आणि हवेचे फुगे तर चालत्या गाडीपेक्षा उभ्या गाडीत अधिक लवकर भेगाळतात असा माझा अनुभव आहे. एक घ्या आणि चालवा. वर्षाला थोडेच मैल होणार असतील तर ठरलेल्या मूल्याचा, म्हणजे नुकसानीच्या वेळी किती रक्कम मिळेल हे आधीच लिहून देणारा विमा घ्या. नेहमीची विमा कंपनी किरकोळ धडकेनंतरही अशा गाडीला भंगार ठरवून मोकळी होते.

प्रश्न : रिव्हिएरा घेण्याचे जवळजवळ ठरले आहे, पण घरी दोन वर्षांची मुलगी आहे. तिची सीट मागे बसवता येईल का? (अटलांटा, जॉर्जिया)

उत्तर : येईल, पण तुमच्या पाठीची परीक्षा होईल. मुलांची सीट अडकवण्याच्या खालच्या कड्या अमेरिकेत सप्टेंबर २००२ पासून सक्तीच्या झाल्या, त्यामुळे या गाड्यांत त्या नाहीत आणि सीट पट्ट्यानेच घट्ट बांधावी लागते. समोर दोन एअरबॅग आहेत, बाजूला एकही नाही, हेही घरी मोकळेपणाने सांगा. रिव्हिएराची मागची बैठक तिघींत प्रशस्त आहे. अडचण आहे ती दाराची. दार इतके लांब आहे, की किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये शेजारी गाडी उभी असेल तर ते अर्धेच उघडते, आणि त्या फटीतून झोपलेले मूल बाहेर काढणे ही कसरत मी नातीबरोबर केलेली आहे. सौदा पक्का करण्यापूर्वी मुलीची सीट बरोबर घेऊन जा आणि विकणाऱ्याच्या दारातच, शेजारी तुमची आत्ताची गाडी उभी करून, ती बसवून आणि काढून पाहा.